रहस्यकथांचा आठवडा : काय वाचायचं, कुठे थांबायचं, वहीत काय टिपायचं

रहस्यकथा आपण बहुतेकदा एका बैठकीत फस्त करतो. रात्री अकराला पुस्तक हातात घेतलं, दोनला खुनी सापडला, आणि चार दिवसांनी त्याचं नावही आठवत नाही. त्यात वाईट काही नाही. ही पुस्तकं लिहिली गेली तीच मुळी प्रवासात आणि झोपेआधी वाचण्यासाठी. पण पुढचा आठवडा जरा वेगळ्या रीतीने वाचायचा आहे. चांगला रहस्यकथाकार पुरावा आपल्या डोळ्यांदेखत मांडून ठेवतो आणि तरी तो आपल्याला दिसत नाही. तो त्याने कुठे ठेवला आणि आपली नजर तिथून कशी निसटली, ते पकडायचं. त्यासाठी रहस्यकथेच्या वाचकाच्या जिवावर येणाऱ्या दोन गोष्टी कराव्या लागतील: उलगड्याच्या अलीकडे पुस्तक मिटायचं, आणि खुनी कळल्यावर तेच पुस्तक पुन्हा उघडायचं.

नोकरी सांभाळून वाचणाऱ्याला झेपेल असा हा बेत आहे. कामाच्या दिवशी तास-दीड तास, बुधवार-गुरुवारी थोडा जास्त, आणि शनिवार मात्र जवळजवळ पूर्ण मोकळा हवा. घरात लग्नकार्य किंवा मुलांच्या परीक्षा असतील तर हा आठवडा पुढे ढकला. रोज दहा-दहा पानं करून हे वाचन जमत नाही, कारण धागे डोक्यात टिकत नाहीत.

आधीच्या रविवारची तयारी

वाचायचं ते असं: शेरलॉक होम्सची 'सिल्व्हर ब्लेझ' ही कथा, ब्योमकेश बक्षीची 'सत्यान्वेषी', अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' ही कादंबरी, बाबुराव अर्नाळकर किंवा सुहास शिरवळकर यांचं हाताला लागेल ते एखादं पुस्तक, केइगो हिगाशिनोची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स', आणि सर्वोच्च न्यायालयाचं एक निकालपत्र. शेवटचं नाव वाचून बिचकू नका, रविवारी त्याच्याइतकं रंगतदार दुसरं काही सापडणार नाही.

मिळवायचं कसं? आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क चालतो. आर्थर कॉनन डॉयल १९३० साली गेले, त्यामुळे होम्सच्या चारही कादंबऱ्या आणि ५६ कथा मूळ इंग्रजीत मोफत, राजरोस वाचता येतात. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर त्यातलं बहुतेक सगळं आहे. मराठी अनुवादाचा हक्क मात्र अनुवादकाचा वेगळा असतो, तो फुकट धरू नका. शरदिंदु बंद्योपाध्याय १९७० साली गेले, म्हणजे ब्योमकेशचा हक्क २०३० अखेरपर्यंत आहे. ख्रिस्ती १९७६ साली गेल्या, म्हणजे २०३६ अखेरपर्यंत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या त्यांच्या पीडीएफ या सरळसरळ चोरीच्या. त्याहून वाईट म्हणजे त्यांत पानं गाळलेली असतात, आणि गाळलेल्या पानात नेमका पुरावा असला तर आठवडा वाया.

मराठीत वाचणार असाल तर अनुवाद आणि रूपांतर यांत अनुवाद निवडा. रूपांतरात इंग्लंडमधलं खेडं उचलून कोकणात आणलेलं असतं. गोष्ट रंगते, पण घड्याळं, गाड्यांच्या वेळा, खिडक्या-दारं यांवर उभा असलेला हिशेब बऱ्याचदा कोसळतो. इंग्रजी जेमतेम वाचता येत असेल तरी ख्रिस्ती मुळातून वाचून पाहा. छोटी वाक्यं, भरपूर संवाद, शब्दकोश क्वचितच लागतो.

वाचनालयातून पुस्तक आणलं तर पहिली दोन-तीन पानं जपून उलटा. आपल्याकडे काही सज्जन पात्रांच्या यादीत खुन्याच्या नावाला पेन्सिलीने गोल करून ठेवतात. घरच्या कोणाला तरी आधी बघायला सांगणं उत्तम. तेच मलपृष्ठाचं आणि प्रस्तावनेचं. हौशी प्रस्तावनाकार तिसऱ्याच परिच्छेदात सगळं सांगून मोकळे होतात, तेव्हा प्रस्तावना नेहमी शेवटी वाचायची. आणि या यादीतल्या कशावरही निघालेली मालिका किंवा चित्रपट आठवडाभर पाहायचा नाही. रजित कपूरचा ब्योमकेश कितीही लाडका असला तरी.

आता वही. शाळेची साधी शंभरपानी चालेल. मोबाईलमध्ये टिपणं करू नका, कारण मोबाईल हातात आला की दोन मिनिटांत आपण पात्राचं नाव शोधतो आणि शोधयंत्र पहिल्याच ओळीत खुनी दाखवतं. डाव्या पानावर 'कोण, कुठे, किती वाजता' एवढंच. उजव्या पानाचे दोन भाग: वर 'निवेदकाने स्वतः पाहिलं' आणि खाली 'कोणीतरी सांगितलं'. ही विभागणी सुरुवातीला कंटाळवाणी वाटेल, पण आठवड्याचं निम्मं काम तीच करते. "नोकराने दहा वाजता मालकाचा आवाज ऐकला" हे वाक्य वाचताना आपण मनात "मालक दहा वाजता जिवंत होता" असं नोंदवून ठेवतो. लेखकाला तेच हवं असतं. नोकराने आवाज ऐकला, माणूस पाहिला नाही. शिवाय तो ऐकल्याचं सांगतोही नोकरच.

समासात एक फुलीची खूण ठेवा: कारण नसताना आलेल्या गोष्टीसाठी. जेवणात काय होतं, खुर्ची कुठे सरकलेली होती, कोणाच्या बुटाला कसला चिखल होता. वर्णन म्हणून आलं असेल असं वाटतं, असेलही. तरी फुली मारा.

सोमवार : मटणातली अफू

'सिल्व्हर ब्लेझ' डिसेंबर १८९२ मध्ये लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकात आली. शर्यतीचा नावाजलेला घोडा तबेल्यातून नाहीसा होतो आणि त्याचा प्रशिक्षक माळरानावर मेलेला सापडतो. तासाभरात कथा संपते. पण ती संपवायची नाही. होम्स आणि वॉटसन शर्यत पाहायला विंचेस्टरच्या गाडीत बसतात, तिथे पुस्तक मिटायचं, चहा करायचा आणि वही उघडायची.

फुली मारण्याजोगी जागा कशी ओळखायची, ते या कथेतल्या एका तपशिलावर दाखवतो. खुनी सांगत नाही, पण एक पुरावा फुटेल. तोही नको असेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडा.

त्या रात्री तबेल्यावर पहाऱ्याला असलेल्या पोराला मोलकरीण जेवण नेऊन देते: मसालेदार मटण. पोरगा जेवतो आणि मेल्यासारखा झोपतो, कारण जेवणात अफूची पूड होती. त्याच संध्याकाळी एक परका माणूस तबेल्याभोवती घुटमळताना दिसलेला असतो. पोलीस त्यालाच धरतात, आणि वाचकही त्यालाच धरतो. आता मटणाकडे बघा. अफूच्या पुडीला चव असते. साध्या जेवणात ती कळली असती आणि पोराने ताट बाजूला सारलं असतं. मसाल्यात ती लपली. म्हणजे अफू घालणाऱ्याला त्या रात्री घरात मसालेदार काही शिजणार हे माहीत हवं होतं, किंवा ते त्यानेच ठरवलेलं हवं होतं. बाहेरून आलेल्या परक्याच्या खिशात नेमकी त्याच दिवशी अफू असावी आणि नेमकं त्याच दिवशी मटण असावं, हा योगायोग फारच सोयीचा झाला. संशय फाटकाबाहेरून सरळ घरात आला.

मटणाचा उल्लेख पहिल्यांदा येतो तेव्हा तो निव्वळ ताटाचं वर्णन असतो. मराठी वाचकाची तर जीभच चाळवते, तेवढ्यात पुरावा निघून जातो. याच कथेत कुत्र्याबद्दलचा प्रसिद्ध संवाद आहे. तो बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेला असतो, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. मात्र होम्स मेंढ्यांविषयी एक चौकशी करतो, तिच्यावर फुली मारायला विसरू नका आणि ती कशासाठी असेल याचा अंदाज शेवट वाचण्याआधी वहीत लिहा. अंदाज चुकला तरी चालेल, पण तो शाईने लिहिलेला हवा. 'मला वाटलंच होतं' हे वाचकाचं सगळ्यात आवडतं खोटं आहे.

जाता जाता: शर्यतीच्या नियमांचा या कथेत डॉयलनी साफ बट्ट्याबोळ केला आहे, आणि आत्मचरित्रात ते त्यांनी खुल्या दिलाने मान्यही केलं. तर्क पक्का असला की वाचक बाकीचं माफ करतो.

मंगळवार : कोलकात्याची मेस

'सत्यान्वेषी'मध्ये अजित नावाचा तरुण कोलकात्याच्या एका मेसमध्ये राहतो, आजूबाजूच्या वस्तीत खून पडताहेत, आणि त्याच्या खोलीत एक नवा भाडेकरू येतो. ब्योमकेशच्या कथा १९३२ पासून छापून येऊ लागल्या. आधी छापली गेली ती 'पथेर काँटा', पण ब्योमकेश आणि अजितची पहिली भेट 'सत्यान्वेषी'त आहे, म्हणून सुरुवात इथून. मेसमधल्या एका भाडेकरूचा खून होतो, तिथे थांबा.

काल डावं पान महत्त्वाचं होतं, आज उजवं. अजित भाबडा आहे. जे त्याला दिसतं ते तो प्रामाणिकपणे सांगतो, पण कोणाला चांगलं म्हणायचं आणि कोणाला वाईट हे तो आधीच ठरवून बसलेला असतो, आणि आपण नकळत त्याची मतं उसनी घेतो. प्रत्येक पात्रापुढे लिहा: याच्याबद्दल मला जे वाटतं ते त्याच्या कृतीवरून, की अजितच्या विशेषणांवरून?

होम्सच्या वळणाने सुरू झालेला हा माणूस पुढे फार वेगळा होतो. तपासातच भेटलेल्या सत्यवतीशी लग्न करतो, बाप होतो, त्याचं वय वाढतं, आणि 'आदिम रिपु'सारख्या कथेत १९४६ च्या दंगलींचं कोलकाता त्याच्या दाराशी येतं. होम्सकडे काळ असा आत शिरत नाही. महाराष्ट्राशी याचं एक खरंखुरं नातं आहे. शरदिंदु १९३८ साली बाँबे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईत आले आणि पुढे पुण्यात स्थायिक झाले. ब्योमकेशच्या उत्तरार्धातल्या कथा त्यांनी पुण्यात लिहिल्या. 'शैलरहस्य'मध्ये तर ब्योमकेश महाबळेश्वरच्या हॉटेलात मुक्कामाला येतो आणि तिथून अजितला पत्रं लिहितो. आज डोळ्यांत झोप नसेल तर तीही वाचा. बंगाली माणसाला सह्याद्री कसा दिसतो ते पाहायला मजा येते.

बुधवार आणि गुरुवार : एक अख्खी कादंबरी

दोन दिवस फक्त रॉजर अ‍ॅक्रॉइड. एकूण २७ प्रकरणं. बुधवारी १ ते १३, गुरुवारी १४ ते २३, आणि तिथे थांबायचं. थांबायचं म्हणजे खरोखर. पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवून या.

किंग्ज अ‍ॅबट नावाचं इंग्लंडमधलं खेडं, गावचा डॉक्टर शेपर्ड, आणि त्याची बहीण कॅरोलिन, जिला घराबाहेर न पडता गावभरच्या बातम्या असतात. शेजारच्या घरात एक निवृत्त परदेशी गृहस्थ भोपळे पिकवायच्या खटपटीत आहे. तो ख्रिस्तीबाईंचा गुप्तहेर हर्क्युल पॉइरो. गावातला धनाढ्य अ‍ॅक्रॉइड आपल्याच अभ्यासिकेत भोसकलेला सापडतो. कॅरोलिनकडे नीट लक्ष द्या. आपली दुसरी गुप्तहेर, म्हातारी मिस मार्पल, आपल्याला बहुधा या बाईवरून सुचली असावी, असं ख्रिस्तीबाईंनीच पुढे लिहून ठेवलं आहे. आपल्या आळीतली एखादी काकू आठवल्याशिवाय राहत नाही.

बुधवारी वहीची जोडपानं उघडून वेळापत्रक करा. त्या संध्याकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत दर पाव तासाची एक ओळ. पुस्तकात अभ्यासिकेचा आराखडा दिला आहे, तो वहीत उतरवून घ्या. दार कुठलं, खिडकी कुठली, बाहेरच्या ओट्यावरून कोण येऊ शकतं. जिथे वेळापत्रकात कोणाचाच पत्ता लागत नाही तिथे रिकामी चौकट ठेवा, अंदाजाने भरू नका. या कादंबरीत पात्रं खोटं बोलतात ती बहुतेक लाजेपायी किंवा पैशापायी. प्रत्येकजण काहीतरी दडवतोय, आणि पॉइरो हे सगळ्यांसमोर बोलूनही दाखवतो. म्हणून 'कोण खोटं बोललं' या प्रश्नाने इथे काही हाती लागत नाही, कारण उत्तर येतं: जवळजवळ सगळे. 'कोणाचं खोटं खुनासाठी होतं' असं विचारलं तर यादी आखूड होते.

गुरुवारी रात्री २३ व्या प्रकरणाशी थांबलात की एका चिठ्ठीवर तीन ओळी: खुनी कोण, कशासाठी, आणि वेळ कशी जमवली. तिसरी ओळ लिहिता येत नसेल तर पहिलीला अर्थ नाही. सहा जणांतून एक नाव कोणीही टाकतं. घरात दुसरं कोणी हेच पुस्तक वाचत असेल तर दोघांच्या चिठ्ठ्या एका पाकिटात घालून तिसऱ्याकडे द्या. मग उरलेली चार प्रकरणं.

ही कादंबरी १९२६ साली आली आणि शेवटावरून रण पेटलं. लेखिकेने वाचकाला फसवलं, असं एका बाजूचं म्हणणं. वाचकाने सगळ्यांवर संशय घेतला पाहिजे, सगळे म्हणजे सगळे, असं डोरोथी सेयर्स या रहस्यकथालेखिकेने ठणकावलं. या वादाच्या काळातच रहस्यकथेचे नियम कागदावर येऊ लागले. रोनाल्ड नॉक्स या पाद्र्याने १९२९ साली दहा नियमांची यादी केली: गुप्त दार एकापेक्षा जास्त नको, अज्ञात विष नको, अपघाताने किंवा दैवी साक्षात्काराने उलगडा नको, जुळे भाऊ आणायचे तर वाचकाला आधी सुगावा हवा. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये डिटेक्शन क्लब निघाला आणि सभासदांना वाचकापासून पुरावा न लपवण्याची शपथ घ्यावी लागायची. नियम अर्धे थट्टेतले, तरी त्यांच्यामागचा करार खरा होता. तुमची चिठ्ठी चुकली असेल तर आता याच करारावर ठरवा: ख्रिस्तीबाईंनी तो मोडला का? घाईने उत्तर देऊ नका, रविवारी आपण त्यासाठीच परत येणार आहोत.

विषांबद्दल मात्र त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा. पहिल्या महायुद्धात त्या टॉर्कीच्या इस्पितळात औषधं बनवून देण्याचं काम करत होत्या. त्यांच्या पहिल्याच कादंबरीची औषधनिर्मात्यांच्या व्यावसायिक नियतकालिकाने तारीफ केली होती. रहस्यकथेला असं प्रशस्तिपत्र सहसा मिळत नाही.

शुक्रवार : वही बंद

आज मराठी, आणि आज वही नको. बाबुराव अर्नाळकरांच्या हजारावर कादंबऱ्या आहेत. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही त्यांची माणसं एका अख्ख्या पिढीच्या उशाखाली होती, आणि शाळेच्या पुस्तकात घालून ती वाचणाऱ्यांत पुढे प्राध्यापक झालेले कमी नाहीत. त्याही आधी गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना मराठी साज चढवून वाचकांना रात्र रात्र जागवलं होतं. नंतर शिरवळकरांनी मंदार पटवर्धन, दारा बुलंद, फिरोज इराणी, अमर विश्वास असे नायक उभे केले. पण 'दुनियादारी'च्या लोकप्रियतेपुढे त्यांचं हे काम उगाचच झाकलं गेलं.

या पुस्तकांत पुरावे शोधत बसाल तर हिरमोड होईल. उलगडा पुष्कळदा नायकाच्या धाडसाने, वेषांतराने किंवा नशिबाने होतो. नॉक्सच्या यादीतला निम्माशिम्मा नियम पहिल्या तीस पानांतच उडालेला असतो. त्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. दरमहा पुस्तक काढणाऱ्या लेखकाचं कसब वेगळ्या जागी असतं. प्रत्येक प्रकरण कुठल्या वाक्यावर तोडलंय ते बघा. दार वाजलं, दिवा गेला, मागून खांद्यावर हात पडला, आणि प्रकरण संपलं. आजच्या वेबमालिका हेच करतात, फक्त पार्श्वसंगीत वाढवून.

घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर आज त्याच्यासोबत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचा, मोठ्याने. फुरसुंगीचा बनेश फेणे, त्याची सायकल आणि त्याचं 'ट्टॉक'. मुलाला मध्येच थांबवून "आता काय होईल?" विचारलं की ते जे सांगतं ते पुष्कळदा आपल्यापेक्षा सरस असतं.

जुनी पुस्तकं मिळत नसतील तर रद्दीवाल्याकडे किंवा ओळखीत 'धनंजय', 'नवल' यांचे जुने दिवाळी अंक शोधा. गूढ आणि रहस्य या प्रकाराला मराठीत सातत्याने जागा दिली ती अशा अंकांनी.

शनिवार : खुनी पहिल्याच प्रकरणात

जेवण लवकर उरकून घ्या. 'सस्पेक्ट एक्स' तीनेकशे पानांची आहे आणि मध्ये सोडवत नाही. जपानमध्ये ती २००५ साली आली, नाओकी पारितोषिक मिळालं, २०११ साली इंग्रजीत आली. हिंदीत 'जाने जां' हा चित्रपट याच गोष्टीवर बेतलेला आहे; तो पाहिला असेल तर आजच्यासाठी सिमेनॉनची, मेग्रे या पोलीस अधिकाऱ्याच्या मालिकेतली कुठलीही कादंबरी घ्या.

यासुको नावाच्या बाईच्या हातून सुरुवातीलाच तिच्या छळवादी माजी नवऱ्याचा खून होतो. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक इशिगामी तिला वाचवायचं मनावर घेतो. म्हणजे खुनी माहीत, कारण माहीत, हत्यारही माहीत. मग उरलं काय? खूनच आधी दाखवून टाकायची ही रीत ऑस्टिन फ्रीमनने १९१२ साली रूढ केली; तिच्यात वाचक गुप्तहेराच्या खांद्यावरून पाहायचं सोडून गुन्हेगाराच्या खांद्यावरून पाहतो आणि बघता बघता त्याच्या बाजूचा होतो.

वहीत आज एकच प्रश्न लिहा: इशिगामी पोलिसांना नेमकं कुठलं गणित सोडवायला लावतोय? तो परीक्षेचे प्रश्न कसे काढतो ते पुस्तकात उघडपणे येतं. भूमितीचा वाटावा असा प्रश्न, पण सुटतो दुसऱ्याच रीतीने. तिथे फुली मारा आणि पुढे जा. जास्त सांगत नाही. थांबण्याची जागाही आज तुमची तुम्ही ठरवा. वहीत एक उत्तर लिहिल्याशिवाय शेवटची चाळीस पानं वाचायची नाहीत, एवढीच अट.

या कादंबरीला अस्सल कोड्याची रहस्यकथा म्हणायचं का, यावर जपानी समीक्षकांत कडाक्याचा वाद झाला. माझ्या मते म्हणावं. पुरावा सगळा समोर आहे.

रविवार सकाळ : एक टॉवेल

के. एम. नानावटी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २४ नोव्हेंबर १९६१. निकालपत्र इंग्रजीत आहे आणि नेटवर मोफत मिळतं. ज्युरी (म्हणजे निर्णय देणारे सामान्य नागरिक) आणि कलमांची लांबलचक चर्चा सोडून द्या, घटनाक्रम आणि शेवटाकडे येणारी पुराव्याची छाननी वाचा. खटल्यावर चित्रपट निघाले, नाटकं आली. पण कागदावरची हकिगत त्या सगळ्यांपेक्षा कोरडी, आणि म्हणूनच जास्त पकडणारी आहे.

२७ एप्रिल १९५९. नौदलाचा अधिकारी नानावटी बायकोकडून तिच्या प्रेमसंबंधाची कबुली ऐकतो, तिला आणि मुलांना मेट्रो सिनेमावर सोडतो, आणि आपल्या जहाजावर जातो. रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचंय, असं सांगून तो भांडारातून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतो. मग तिचा प्रियकर प्रेम आहुजाच्या घरी. आहुजा नुकताच न्हाणीघरातून बाहेर आलेला, कमरेला फक्त टॉवेल. तीन गोळ्या सुटतात.

वही उघडा आणि दोन्ही बाजू मांडा. बचाव म्हणतो, झटापट झाली आणि त्यात गोळ्या सुटल्या. सरकार म्हणतं, ठरवून मारलं. आता टॉवेल. आहुजाचं प्रेत सापडलं तेव्हा तो कमरेला तसाच होता. रिव्हॉल्व्हरसाठी दोन धडधाकट पुरुषांची ओढाताण झाली आणि कमरेला नुसता गुंडाळलेला टॉवेल सुटला नाही? न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मांडलेल्या परिस्थितीजन्य पुराव्यात हा टॉवेल आहे. अहमदनगरची थापही आहे. सोमवारी मटणावर फुली मारलेल्या वाचकाला तो परिच्छेद वेगळ्याच डोळ्यांनी वाचता येतो.

ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी नानावटीला निर्दोष ठरवलं होतं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९६४ साली राज्यपालांनी माफी दिली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तर ज्युरीला जागाच उरली नाही. शनिवारी इशिगामीच्या बाजूने उभे राहिला असाल, तर त्या आठ जणांना नावं ठेवण्याआधी क्षणभर थांबा.

रविवार दुपार : पुन्हा पहिल्यापासून

जेवण झालं की रॉजर अ‍ॅक्रॉइड उघडा. सगळं नको, चौथं प्रकरण, फेर्नलीवरचं, म्हणजे खून झालेल्या माणसाच्या घरचं जेवण, तेवढं सावकाश वाचा. एकेका वाक्यावर बोट ठेवून. पहिल्या वाचनात जी वाक्यं निरुपद्रवी वाटली होती त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा, पुस्तक आपलं असेल तर. प्रत्येक वाक्याला विचारा: हे खोटं आहे का? संवाद सोडले तर निवेदनात तुम्हाला एकही सरळ खोटं वाक्य सापडणार नाही. मग गुरुवारच्या प्रश्नाचं उत्तर लिहा, करार मोडला की नाही.

नंतर आठवड्याच्या वहीतल्या फुल्या मोजा. किती फुल्या कामाच्या निघाल्या, किती फुकट गेल्या? फुकट गेलेल्या जास्तच असणार, कारण चुकीच्या दिशेला नेणारे खडेही लेखकाने जाणूनबुजून पेरलेले असतात. बघण्यासारखं हे की खरा पुरावा बहुतेकदा कोणत्या जागी पडला होता. माझ्या पाहण्यात तो प्रश्नोत्तरांच्या गर्दीत कमी असतो आणि जेवण, हवापाणी, बागकाम अशा आळसावलेल्या ओळींत जास्त. शिवाय त्याच्या लगेच नंतर काहीतरी मोठं घडतं, किंचाळी येते किंवा फोन वाजतो, म्हणजे आपण मागे वळून बघत नाही. तुमच्या वहीत वेगळं निघालं तर तुमच्या वहीवर विश्वास ठेवा.

पुढच्या वेळी काय घ्यायचं, याचं उत्तर आठवड्यातल्या कुठल्या दिवशी झोप उडाली त्यावर आहे. वेळापत्रकात रमला असाल तर जॉन डिक्सन कारची 'द हॉलो मॅन' घ्या. ती बंद खोलीतल्या खुनाची कादंबरी आहे, आणि १७ व्या प्रकरणात गुप्तहेर सगळं बाजूला ठेवून बंद खोलीच्या युक्त्यांवर चक्क व्याख्यान देतो. शनिवारने हलवलं असेल तर पॅट्रिशिया हायस्मिथ, पण एकट्याने राहताना नको. ब्योमकेश आवडला असेल तर सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा. त्यातली एक गोष्ट वेरूळच्या कैलास लेण्यात घडते, तेव्हा संभाजीनगरला जाणार असाल तर ती गाडीतच वाचा.